हॉलचे पडदे घरीच शिवले, दोन हजारांच्या आत: माप, कापड, धुणं, शिलाई सगळं सविस्तर

नवी मुंबईत ऐरोलीला राहायला आलो तेव्हा हॉलच्या बाल्कनीचं दार बरोब्बर पश्चिमेला आणि त्याला पडदा नाही, म्हणजे दुपारी तीननंतर सोफ्यावर बसायची सोय नाही, टीव्हीवर उजेड, आणि संध्याकाळी आतला दिवा लावला की समोरच्या बिल्डिंगला आमच्या ताटातली भाजी पण दिसायची. एका दुकानात विचारलं तर त्या एका दाराचे कापड, शिलाई, पाईप आणि लावणावळ धरून साडेसहा हजार सांगितले. तेव्हा घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला, साडेसहा हजार पडद्यावर घालणं जमणारच नव्हतं. मग खारेगावहून आईची जुनी शिलाई मशीन आणली आणि स्वतः शिवले. पहिल्या वेळी चुका झाल्या, दुसऱ्या वेळी नीट जमलं, त्यानंतर बहिणीच्या आणि दोन मैत्रिणींच्या घरचेही केले. दुसऱ्या वेळचा माझा हिशोब खाली दिलाय, तो १,८८० रुपयांचा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगायला हवी होती. कापड स्वस्तातलं घ्या पण भरपूर घ्या. महाग कापड बेताचं घेतलं की पडदा बंद केल्यावर चादर वाळत घातल्यासारखा सपाट दिसतो, आणि साधं कोरं सुती कापड दीडपट-पावणेदोनपट रुंदीचं घेतलं की त्याला चुण्या पडतात, आणि पडदा पडद्यासारखा दिसतो तो त्या चुण्यांमुळे. पैसे कमी असतील तर मीटरचा भाव कमी करा, मीटर कमी करू नका.

आधी पाईप, मग माप, मग कापड

बहुतेक जण उलटं करतात. आवडलेलं कापड आधी घेतात, मग पाईप कुठे बसेल ते बघतात, आणि मग पडदा चार इंच आखूड पडतो. पाईप भिंतीवर बसल्याशिवाय, निदान पेन्सिलने खुणा केल्याशिवाय, कापड घ्यायला जाऊ नका.

पाईप दाराच्या चौकटीच्या वर तीन-चार इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त. बाजूला जागा हवीच, कारण पडदा उघडल्यावर त्याचा गठ्ठा भिंतीवर गेला पाहिजे, काचेवर राहिला तर उजेड आणि वारा दोन्ही अडतात. आमचं दार सहा फुटी, म्हणजे ७२ इंच, त्यात १२ मिळवले, ८४ इंच म्हणजे सात फुटाचा पाईप. एका बाजूला कॉलम असेल आणि सहा इंच मिळत नसतील तर जेवढे मिळतील तेवढे, दुसऱ्या बाजूला थोडे वाढवा.

पाईप एक इंची स्टीलचा घ्या. इथे काटकसर करू नका असं माझं मत आहे. पातळ पत्र्याचा पाईप किंवा वायरिंगचा प्लास्टिक पाईप वर्षभरात मधे झोळ खातो आणि मग पडद्याच्या वरच्या भोकांतल्या रिंगा मधे गोळा होतात. पाच फुटाच्या वर गेला की मधे तिसरं ब्रॅकेट हवं. आता मधे ब्रॅकेट आलं म्हणजे रिंगा त्याच्या पलीकडे सरकणार नाहीत, म्हणून पडदे दोनच करायचे, एक डावीकडे जाणारा आणि एक उजवीकडे, तीन सुटे पडदे केलेत तर मधला अडकून बसतो. हे लक्षात ठेवा, खाली कापायच्या वेळी लागणार आहे.

भोक पाडताना भिंत कसली आहे ते भुकटीवरून कळतं. लाल भुकटी आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट, पांढरट आणि मऊ आली तर हलका ब्लॉक. दाराच्या वर बहुधा बीम असतो त्यामुळे काँक्रीट निघतं, आणि घोडबंदर रोडच्या किंवा आमच्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंतीच अख्ख्या काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथे साध्या ड्रिलने निम्मंच भोक पडतं आणि बिट जळतं, हॅमर ड्रिलच लागतं. उलट हलक्या ब्लॉकच्या भिंतीत हॅमर चालू ठेवलंत तर भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवतात ती प्लास्टिकची खुंटी) फिरत बसते, तिथे हॅमर बंद करून लांब गिट्टी आणि लांब स्क्रू. स्विचबोर्डच्या आणि एसीच्या पॉइंटच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायरी बहुतेक तशाच उभ्या जातात. भीती वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, मी १५० रुपये देऊन पाडून घेतली आणि मला ते पैसे अजिबात जास्त वाटले नाहीत. प्लास्टिकच्या स्टुलावर चढून ड्रिल धरू नका, आणि दार उघड्या बाल्कनीचं असेल तर मुळीच नाही.

ब्रॅकेट भिंतीपासून तीन इंच तरी पुढे येणारं घ्या, नाहीतर चुण्या मागे ग्रिलला नाहीतर सरकत्या दाराच्या कडीला घासतात.

आता लांबी. टेप स्टीलची वापरा, शिवणकामाची जुनी कापडी टेप ताणलेली असते. पाईपच्या वरच्या कडेपासून लादीपर्यंत तीन ठिकाणी मापा, डावीकडे, मधे, उजवीकडे, कारण लाद्या सगळीकडे सारख्या नसतात, आणि सगळ्यात कमी आलेलं माप धरा. आमचं आलं सव्वासत्त्याऐंशी इंच. त्यातून लादी पुसताना पडदा भिजू नये म्हणून अर्धा इंच वजा, आणि रिंगच्या पडद्यात पाईपच्या वर साधारण सव्वा इंच कापड उभं राहतं ते अधिक. झाले ८८ इंच. ही झाली तयार पडद्याची लांबी.

आणि म्हणूनच रेडीमेड सात फुटी पडदा अशा दाराला पुरत नाही. सात फूट म्हणजे ८४ इंच, तो लादीपासून साडेचार इंच वर लोंबकळतो. रेडीमेडच घ्यायचा असेल तर नऊ फुटी घ्या आणि खालून दुमडून घ्या.

खिडकीचं मात्र वेगळं आहे. चार बाय चारची खिडकी, खाली दिवाण किंवा सोफा, तर पडदा जमिनीपर्यंत आणण्यात काही अर्थ नाही, तो दिवाणाच्या मागे चुरगळतो आणि धूळ धरतो. चौकटीच्या वर चार इंच, खाली सहा इंच, म्हणजे ५८ इंच, आणि रेडीमेड पाच फुटी पडदा ६० इंचाचा असतो. दोन पडद्यांत काम होतं. अशा खिडकीला कापड आणून शिवण्यापेक्षा रेडीमेड स्वस्त पडतो बऱ्याचदा, तेव्हा हट्टाने शिवत बसू नका, मेहनत बाल्कनीच्या दारासाठी ठेवा.

किती मीटर लागेल

पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, बहुतेक ४८ इंची असतो, काही कापडं ५४ इंचीही मिळतात, दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. आमचा पाईप ८४ इंच, त्याची दीडपट १२६. ४८च्या पन्ह्यात १२६ बसवायचे म्हणजे अडीचच्या वर पन्हे, म्हणून तीन. दीडपट ही जाड-मध्यम सुती कापडासाठी. झिरझिरीत नेट असेल तर दुप्पट लागते, त्याच्या खाली नेट केविलवाणी दिसते.

एका पन्ह्याची लांबी: तयार ८८, वरच्या पट्टीसाठी साडेचार, खाली तीन-तीनची दुहेरी दुमड म्हणजे ६. झाले साडेअठ्ठ्याण्णव. सुती कापड धुतल्यावर आटतं, त्यासाठी पाच टक्के धरा, म्हणजे आणखी पाच इंच. झाले १०३ ते १०४ इंच. एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच, त्या हिशोबाने २ मीटर ६५ सेंटिमीटर. तीन पन्हे म्हणजे ७ मीटर ९५, आठ मीटर घ्या.

मोठी फुलं किंवा मोठी नक्षी असलेलं कापड बजेटमध्ये टाळा. नक्षी जिथून परत सुरू होते तेवढं अंतर प्रत्येक पन्ह्याला जास्तीचं घ्यावं लागतं, नाहीतर शेजारच्या पडद्यावर फूल वर-खाली दिसतं, आणि दोन फुटांवर नक्षी फिरत असेल तर तीन पन्ह्यांत पावणेदोन मीटरच्या आसपास कापड नुसतं वाया. साधा रंग, बारीक रेघ किंवा विणीतलीच चौकट असलेलं कापड घ्या.

कापड कुठलं आणि कुठे

माझी पहिली पसंती केसमेंट. जरा जाडसर सुती कापड, पडद्यांसाठीच चालतं, धुवायला सोपं आणि पडतं छान. दुसरं मांजरपाट, म्हणजे कोरं, न धुतलेलं, पिवळसर पांढरं कापड. पुष्कळ लोक त्याला गादीच्या खोळीचं कापड म्हणून नाक मुरडतात, पण धुऊन त्यातली खळ निघाली की ते इतकं मऊ आणि सुंदर पडतं की माझ्या बहिणीच्या घरी आलेल्या लोकांना ते लिनन वाटलं. खालच्या बाजूला जुन्या खणाची नाहीतर इरकलच्या काठाची चार इंची पट्टी लावलीत तर काही विचारायलाच नको. फक्त मांजरपाट जास्त आटतं, पाचऐवजी आठ-दहा टक्के धरून घ्या.

पॉलिस्टर स्वस्त मिळतं, आटत नाही, इस्त्री लागत नाही, पावसाळ्यात पटकन वाळतं आणि उन्हात सुती कापडापेक्षा जास्त टिकतं. पश्चिमेच्या कडक उन्हासाठी तो वाईट पर्याय नाही. मला त्याची चमक हॉलमध्ये आवडत नाही, तो माझा आवडीचा प्रश्न झाला. सुती-पॉलिस्टर मिश्र मिळालं तर दोन्हीच्या मधलं. गडद रंग, विशेषतः गडद लाल आणि निळा, पश्चिमेच्या दाराला लावू नका, दोन उन्हाळ्यांत चुण्यांच्या बाहेरच्या कडा फिक्या पडून उभे पट्टे दिसायला लागतात. ज्या कापडाला मागून रबरासारखा लेप असतो ते उजेड पूर्ण अडवतं, पण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्या लेपावर बुरशीचे ठिपके येतात आणि घासून धुवावं तर लेप सुटतो. त्यापेक्षा साध्या पडद्याला मागून पांढरं पॉपलिनचं अस्तर लावा, ऊन परतवायला पांढरा रंग मदत करतो. बजेट नसेल तर अस्तर पुढच्या वर्षी लावा, मी तसंच केलं.

कापड पारखायची पद्धत: एक कोपरा मुठीत घट्ट धरून सोडा, किती चुरगळतं बघा. मग उजेडाकडे धरा, दुकानातल्या ट्यूबलाइटकडे नाही, दुकानाच्या बाहेर येऊन. बोटं स्पष्ट दिसली तर रात्री घरही दिसणार. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा, रुमालाला रंग लागला तर ते कापड ठेवून द्या. "प्युअर कॉटन आहे ताई" म्हणून दिलेलं खरंच सुती आहे का ते बघायचं तर घरी सिंकवर एक दोरा जाळा, सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. आणि सगळं कापड एकाच ताग्यातून, एकाच दिवशी घ्या. दोन ताग्यांचा तोच रंग म्हणून दिलेला रंग खिडकीत शेजारी लावला की वेगळा दिसतो.

ठाणेकरांना जांभळी नाका आणि स्टेशनबाहेरचा परिसर आहेच, पाईप-ब्रॅकेट-रिंगा तिथेच पटकन मिळतात. कापडासाठी मात्र मी उल्हासनगरला जाते, गजानन मार्केट आणि जपानी बाजार. नवी मुंबईहून ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून कर्जत किंवा अंबरनाथ-बदलापूर गाडी, अर्धा दिवस जातो पण आठ मीटरमध्ये तिकीट केव्हाच वसूल होतं. मोठं काम असेल, म्हणजे अख्ख्या घराचे पडदे, तर मुंबईत मंगळदास मार्केट, पण रविवारी ते बंद असतं, रजा काढून जावं लागतं. सगळीकडे कटपीस विचारा. ताग्याच्या शेवटी राहिलेले आठ-नऊ मीटर दुकानदाराला संपवायचे असतात आणि आपल्याला नेमके तेवढेच हवे असतात, मी माझं केसमेंट असंच ११५ रुपये मीटरने घेतलं. कटपीस दुकानातच पूर्ण उलगडून बघा, डाग, तुटका दोरा, आडवी रेघ काही आहे का. आणि कापडासोबत शिलाई फुकट म्हणणाऱ्याला शिलाईशिवाय भाव काय ते विचारा, बऱ्याचदा भाव उतरतो.

आईच्या साड्या आणि डबल बेडशीट

कापड विकत घ्यायच्या आधी कपाट उघडा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, आपल्याला एका पडद्याला २ मीटर ६५ हवंय, म्हणजे एका साडीत दोन पडदे बरोब्बर बसतात. सुती साडी अनेकदा धुतलेली, आटायची ती आटून गेलेली, काठ आयते उभे मिळतात आणि पदर खाली घेतला की वेगळं काही करावंच लागत नाही. साडी पातळ असते म्हणून दुप्पट रुंदी लागते, आमच्या दाराला दोन साड्या, चार पडदे. आता मधल्या ब्रॅकेटमुळे चार सुटे ठेवायचे नाहीत, दोन-दोन जोडायचे. कापायच्या आधी साडी उजेडासमोर धरून निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी विरली आहे का बघा, विरलेली साडी उन्हात वर्षभरात फाटते. रेशमी साडी पडद्याला घालू नका, उन्हाने रेशीम कुजतं, आणि आईची असेल तर नंतर फार वाईट वाटतं. आधी आईला विचारा, एवढं नक्की.

दुसरं म्हणजे डबल बेडशीट. ९० बाय १०० इंचाचं असतं बहुतेक. मधोमध उभं कापलं की ४५ बाय १०० चे दोन पडदे, बाहेरची आणि खालची कड आयती शिवलेली. सेलमध्ये सुती बेडशीट स्वस्त मिळालं तर पाच मीटर कापडापेक्षा ते परवडतं, शिवाय उशांचे अभ्रे मिळतात त्यांच्या पडदा बांधायच्या पट्ट्या होतात. आधी धुवा, मग मापा, मग कापा.

धुणं

यावर मी वेगळं लिहितेय कारण माझी पहिल्या वेळची चूक हीच होती. कापड आणलं, त्याच रात्री उत्साहात कापलं, शिवलं, लावलं, छान दिसलं, गणपतीच्या आधी धुतले आणि पडदे जवळजवळ पाच इंच आखूड. एवढी मेहनत केलेली, मला रडू आलं होतं.

कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मांजरपाट असेल तर सकाळी पाणी बदलून परत बुडवा, खळ निघेपर्यंत पाणी गढूळ येत राहतं. मग नेहमीच्या पावडरीत, नेहमी पडदे ज्या पाण्याने धुणार त्याच पाण्याने धुवा. गरम पाण्याने मशीनला लावणार असाल तर आत्ताही गरमच. पिळू नका, निथळू द्या, आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा, सुरकुत्या पटकन जातात. एप्रिल-मेमध्ये केलंत तर दुपारभरात वाळतं, जुलैत आठ मीटर केसमेंट तीन दिवस घरात कुबट वास मारत राहतं, म्हणून हे काम उन्हाळ्यात काढा.

कापणं आणि शिवणं

आठ मीटर अंगठ्याच्या अंदाजाने कापायचं नाही. साधं सुती कापड असेल तर कडेला कात्रीने छोटी चीर द्या आणि टरकन फाडा, आडव्या दोऱ्यावर सरळ फाटतं, दुकानदारही तसंच करतो. फाटत नसेल तर एक आडवा दोरा ओढून काढा, त्याची रेघ दिसते, त्या रेघेवर कापा. हे सरळ आलं नाही तर पडदा कितीही नीट शिवा, तो एका बाजूला पिळ खातो.

धुतल्यावर तिन्ही तुकडे साडेअठ्ठ्याण्णव इंचाचे करून घ्या. तिसरा तुकडा मधून उभा कापा, प्रत्येकी २४ इंच. एक पूर्ण पन्हा आणि एक अर्धा असे दोन पडदे. अर्धा भाग भिंतीच्या बाजूला जाईल असा जोडा, दाराच्या मधल्या बाजूला नाही, म्हणजे जोड चुण्यांत लपतो. जोडायच्या आधी पन्ह्याची किनार, ती घट्ट विणलेली उभी पट्टी असते ना, ती कापून टाका किंवा दर चार इंचांवर तिला तिरकी चीर द्या, नाहीतर ती बाकीच्या कापडापेक्षा जास्त आटते आणि कड गोळा होते. (साडीचा काठ मात्र कापायचा नाही, तो शोभेसाठीच आहे.)

मशीनला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६, नेटला ११. टाका जरा मोठा, इंचाला आठ-नऊ. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा उन्हात आधी तुटतो. सरळ बाजू आतून एकमेकींवर ठेवून अर्ध्या इंचावर जोडाची टीप, मग दोन्ही कडा एकत्र दुमडून वरून अजून एक टीप, दोरे निघत नाहीत. नंतर दोन्ही उभ्या कडा पाऊण-पाऊण इंच दोनदा दुमडून टीप. इथे घाई करू नका, आधी इस्त्रीने दुमड बसवा, मग शिवा, टाचण्या कमी लागतात आणि टीप सरळ येते. एवढं झालं की पडद्याची रुंदी ६८ इंचाच्या आसपास येते. धुताना पन्हाही थोडा आटलेला असतो, म्हणून टेप लावून खात्री करा.

वरची पट्टी: अर्धा इंच आत, मग चार इंच दुमड, आत चार इंची बकरम, म्हणजे पट्टी ताठ ठेवणारं कडक कापड. बकरम नसेल तर रिंगमधून कापड लोंबतं, ती बचत करू नका. खालून आणि वरून, दोन्हीकडे टीप.

रिंगा. एक इंची पाईपला दीड इंचाच्या वर भोक असलेल्या रिंगा घ्या, अगदी एक इंची घेतल्यात तर सरकतच नाहीत. संख्या नेहमी सम, आठ, दहा, बारा. विषम घेतली तर पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. ६८ इंचाला बारा रिंगा. दोन्ही कडांपासून दोन-दोन इंच सोडले, ६४ राहिले, बारा रिंगांमध्ये अकरा जागा, ६४ भागिले ११, पावणेसहाच्या किंचित वर. वरच्या कडेपासून दोन इंचांवर मध्य. सगळ्या खुणा आधी पेन्सिलने करा, पडदा जमिनीवर पसरून लांबून बघा, मगच कात्री लावा. भोक रिंगच्या आतल्या भोकापेक्षा जरासं मोठं, पहिलं भोक चिंधीवर करून बघा. प्लास्टिकच्या रिंगा दोन भागांत येतात, मधे कापड धरून हाताने दाबल्या की कट्ट आवाज येऊन बसतात, दुकानदाराच्या मशीनची गरज नाही.

मशीन नसेल तर? बाजूच्या कडा हाताने धावदोऱ्याने शिवून होतात, वेळ जातो, पण दोन संध्याकाळी पुरतात. वरच्या पट्टीऐवजी चिमट्याच्या रिंगा मिळतात, त्या नुसत्या कापडाला चिमटतात, भोक पाडावं लागत नाही, भाड्याच्या घरासाठी उत्तम. किंवा सगळं कापून, इस्त्रीने दुमडून, आल्टरवाल्याकडे नुसत्या सरळ टिपा मारायला द्या, पूर्ण पडदा शिवायच्या निम्म्या पैशात करतो.

भाड्याचं घर असेल तर

अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला भोक चालेल का ते मालकाला मेसेजवर विचारा, तोंडी नको. आधी जुनी ब्रॅकेट किंवा हुक आहेत का बघा, आधीच्या भाडेकरूने बहुतेक सोडलेली असतात, तीच वापरा आणि पाईप तेवढा नवा घ्या. स्क्रू न लागणारे, दोन भिंतींत ताणून बसणारे रॉड चार-पाच फुटांपर्यंत आणि हलक्या नेटसाठी ठीक, आठ मीटर केसमेंट टांगलंत तर रात्री सगळं खाली येतं. प्लास्टिकच्या आवरणाची स्प्रिंगची तार फक्त खिडकीला, पातळ कापडाला वर नेफा शिवून. आणि भाड्याच्या घरात खालची दुमड सहाऐवजी दहा इंच ठेवा, पुढच्या घराचं दार उंच असलं तर उसवून वाढवता येतं.

माझा हिशोब

केसमेंट ८ मीटर ९२० रुपये, पाईप आणि तीन ब्रॅकेट ५४०, चोवीस रिंगा १२०, बकरम ४ मीटर ८०, दोरा-सुई ४०, गिट्टी-स्क्रू ३०, ड्रिलचे १५०. एकूण १,८८०. मशीन आईची आणि हात माझे, त्याचे पैसे धरले नाहीत. तुमच्याकडे भाव थोडे इकडेतिकडे होतील, पण कापडाला निम्मे आणि पाईपला चतुर्थांशापेक्षा थोडे जास्त, ही वाटणी साधारण अशीच राहते.

लावताना

प्रत्येक पडद्याची भिंतीकडची शेवटची रिंग ब्रॅकेटच्या पलीकडे, पाईपच्या टोकाच्या बोंडाच्या आत घाला. मग पडदा ओढला तरी ती कड जागची हलत नाही आणि बाजूने उन्हाची फट राहत नाही. लावल्यावर चुण्या हाताने सारख्या करून, पडदा उघडा ठेवून तीन ठिकाणी जुन्या ओढणीच्या पट्टीने सैलसर बांधा आणि दोन दिवस तसाच ठेवा, चुण्यांना वळण लागतं.

आपल्या बऱ्याच घरांत देवघर हॉलमध्येच असतं. पडदा वाऱ्याने जिथपर्यंत उडतो तिथपर्यंत समई, निरांजन काही नको, पंखा पूर्ण वेगाने चालू करून पडदा कुठपर्यंत येतो ते एकदा उभं राहून बघा. दिवाळीत पणत्या बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवतो तेव्हा दोन्ही पडदे बांधूनच ठेवा, पॉलिस्टर असेल तर जास्तच काळजी, ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. घरात लहान मूल असेल तर पडदा बांधायची दोरी लांब लोंबती ठेवू नका, गळ्याभोवती येईल अशी तर नाहीच, त्याऐवजी वेलक्रोची आखूड पट्टी.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आला की पडदे घरभर उडतात, त्यासाठी खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात पितळी वॉशर घालून शिवा. लोखंडी घालू नका, गंजून कापडावर तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही.

आणि खालची दुमड शेवटची टीप मारून लगेच पक्की करू नका. आधी मोठ्या टाक्यांची कच्ची शिलाई घाला आणि आठ दिवस पडदा लटकू द्या, जाड सुती कापड स्वतःच्या वजनाने पाव-अर्धा इंच उतरतं, जोडाच्या बाजूला कमी, मधे जास्त. आठ दिवसांनी लादीवर बसून, पडदा न ओढता, अर्ध्या इंचाची पट्टी खाली धरून खुणा करत जा, मग काढून पक्की टीप मारा. उरलेलं कापड टाकू नका, गुंडाळून त्याच कपाटात ठेवा आणि पडदे धुवाल तेव्हा प्रत्येक वेळी तेही सोबत धुवा, म्हणजे दोन वर्षांनी ठिगळ लावायची वेळ आली तर रंग जुळतो.